चावडी आणि समाजआरती



वाचक माउली, आधी एक कबुली देतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या मनात किंतु राहणार नाही. २०२४ च्या चातुर्मासात मी 'बिग बॉस मराठी'चं पाचवं पर्व पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पाहिलं. आषाढी १७ जुलैला झाली. पंढरपुराहून परतलो, गुडघ्यांना तेल लावत बसलो होतो, आणि २८ जुलैला तो कार्यक्रम सुरू झाला. ६ ऑक्टोबरला, नवरात्र बसल्यावर, संपला. सत्तर दिवस. सात दिवसांचं पारायण धरलं तर ज्ञानेश्वरीची दहा पारायणं झाली असती. झाली नाहीत. घरातली सगळी मंडळी रात्री नऊला समोर बसत, त्यांच्यात मीही बसे.

अशा कार्यक्रमांवर आपण मंडळी तोंडसुख घेतो ते बहुधा न पाहता घेतो. मीही घेतलं आहे. सप्ताहात सहाव्या दिवशी श्रोते पेंगायला लागले की टीव्हीवर घसरायचं, हा कीर्तनकाराचा जुना उपाय आहे. शिवाय आपण या खेळापासून फार लांब आहोत असंही नाही. २००९ साली 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'मध्ये आपल्या आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, तेव्हा गळ्यात माळ असलेल्या किती हातांनी मोबाईलवरून मतं पाठवली ते आठवा. मला मोबाईल वापरता येत नव्हता, म्हणून मी शेजारच्या मुलाकडून पाठवली होती. तेव्हा निषेधाचा ठराव मांडण्यासाठी हे लिहीत नाही. पाहिलं त्याचा विचार करावा, एवढंच.

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मूळ खेळ हॉलंडातला, १९९९ चा. त्याचं 'बिग ब्रदर' हे नाव जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाच्या कादंबरीतलं; त्या कादंबरीत हा बिग ब्रदर म्हणजे सगळ्यांवर पाळत ठेवणारा सत्ताधीश. हिंदीत हा खेळ २००६ साली आला, मराठीत २०१८ साली. पंधरा-सोळा माणसं एका बांधलेल्या घरात कोंडतात. फोन नाही, वर्तमानपत्र नाही, घड्याळसुद्धा नाही. भिंतीभिंतीत कॅमेरे. कामं वाटून दिलेली, शिधा मोजका. दर आठवड्याला घरातल्यांनीच घरातल्यांची नावं बाहेर काढण्यासाठी सुचवायची, मग बाहेरच्या प्रेक्षकांनी आपल्या आवडत्याला मतं देऊन वाचवायचं, आणि ज्याला सगळ्यांत कमी मतं तो घराबाहेर. आठवड्याच्या शेवटी सूत्रसंचालक येऊन सगळ्यांना झापतो. पहिली काही पर्वं महेश मांजरेकर होते, तेव्हा त्या भागाला 'बिग बॉसची चावडी' म्हणत. पाचव्या पर्वात रितेश देशमुख आले आणि चावडीचा 'भाऊचा धक्का' झाला.

चावडी हा शब्द ज्यानं शोधला त्याची मला दाद द्यावीशी वाटते. खेळाचं मर्म त्यात पुरतं उतरलं आहे. गावच्या चावडीवर पाटील निवाडा करायचा, पण मजा असायची ती पारावर बसून निवाडा ऐकणाऱ्यांची. आपलं काही अडकलेलं नाही, आपल्याला काही द्यायचं नाही, आणि कोण चुकलं ते ठरवायला मात्र मिळतं. नऊ वाजता टीव्हीपुढे बसलेलं प्रत्येक घर त्या पारावर बसलेलं असतं. आमच्या घरात सौभाग्यवती, मी, मुलगा आणि अकरावीतली नात असे चौघे चार पंच होतो. कोण लबाड, कोण साधा, कुणाचं रडणं खरं, कुणाचं खोटं, यावर आमच्यात जेवढी चर्चा त्या सत्तर दिवसांत झाली तेवढी आधीच्या सात वर्षांत कशावर झाली नसेल. लोक म्हणतात टीव्हीमुळे घरातलं बोलणं संपलं. आमच्या घरी ते वाढलं. पण सगळं बोलणं तिऱ्हाइताच्या दोषांवर. निंदेबद्दल संतांनी काय म्हटलं आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. मला नवल याचं वाटलं की परनिंदेला एवढा सुरक्षित जिना कुणी बांधून दिला नव्हता. शेजाऱ्याची निंदा केली तर कधीतरी त्याच्या कानावर जाण्याची भीती असते. इथे ज्याची निंदा करायची त्याला आपण माहीतच नाही.

आणि दोष पुरवणारे हात हुशार आहेत. चोवीस तास कॅमेरे चालतात, त्यातला तासभर आपल्याला दाखवतात. माणसं दिवसभरात हसली असतील, एकमेकांच्या पाठीला बाम चोळला असेल, मुकाट्यानं भांडी घासली असतील. गहू निवडायला घ्यावा आणि निवडून काढलेले खडेच ताटात वाढावेत, तसा तो तास असतो. हेही कबूल केलं पाहिजे की दोन तासांच्या कीर्तनासाठी दृष्टांत निवडणारा माणूस फार वेगळं करत नाही. आम्हीही गावातली भांडणंच उचलायचो. त्यावर पुढे येतोच.

आता तुम्ही वारकरी आहात, म्हणून तुम्हाला एक विचारतो. अनोळखी माणसं एकत्र कोंबली की काय होतं, हे पाहण्यासाठी आपल्याला टीव्हीची काय गरज? आळंदीहून निघाल्यापासून पंढरी दिसेपर्यंत अठरा-एकोणीस दिवस आपण तेच करतो. एका राहुटीत वीस पथाऱ्या. एकाचं घोरणं दुसऱ्याच्या कानात. पहाटे तीनला टँकरपाशी अंघोळीची घाई. कुणाची चप्पल जाते, कुणाचा लोटा. भिशीचे पैसे कमी पडले की हिशेबावरून आवाज चढतो. पाऊस आला की कोरड्या जागेवरून धक्काबुक्कीही होते. दिंडीत भांडणं होत नाहीत असं सांगणारा माणूस दिंडीत चाललेला नसतो. आणि दिवसभर आपल्याइतकंच चालून, मुक्कामावर आल्या आल्या परातीत पीठ घेऊन बसणाऱ्या आयाबहिणी काय मनात ठेवून बसतात, ते आपण विचारलेलंही नसतं.

मग वारी मोडत का नाही? मला वाटतं, एक मोठं कारण समाजआरती. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यातला हा मुक्कामावरचा विधी तुम्ही शेकडो वेळा पाहिला असेल, पण बिग बॉसच्या शेजारी ठेवून पाहिला नसेल. तळावर पालखी येते, दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच करून 'होऽऽ' अशी हाळी देतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तिचा टाळ एकटाच वाजत राहतो. मग चोपदार त्या दिंडीकडे चालत जातात, काय झालं ते ऐकून घेतात, तिथल्या तिथे निवारण होतं. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या निघण्याची वेळ सांगतात, आरती होते, आणि मंडळी भाकरीकडे वळतात.

ही तक्रारही सगळ्यांच्या देखतच आहे. चावडीइतकीच उघडी. पण चावडीवर ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे कॅमेरा जातो, आणि इथे बाकीच्यांनी आवाज बंद केल्यामुळे एकाचा ऐकू येतो. दुसरं असं की दिंडीतलं भांडण रात्रीच्या आत मिटवावंच लागतं, कारण उद्या पहाटे त्याच माणसाच्या खांद्याला खांदा लावून चालायचं असतं. बिग बॉसच्या घरातलं भांडण उद्या रात्री नऊपर्यंत जिवंत ठेवावं लागतं, कारण उद्या प्रेक्षक परत आला पाहिजे. माझ्या मते या कार्यक्रमाचा खरा दोष हा आहे. शिव्या आणि तोकडे कपडे यांवर आपली मंडळी फार बोलतात. ते मला त्यामानानं किरकोळ वाटतं. भांडण न मिटण्यात ज्याचा फायदा आहे, त्याच्याच हातात निवाडा दिलेला असतो.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूनं लिहिली पाहिजे. ते पर्व सूरज चव्हाण जिंकला. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा मुलगा, फारसं शिक्षण नाही, मोबाईलवरच्या छोट्या चित्रफितींमुळे लोकांना माहीत झालेला. सुरुवातीला आमच्या घरातही त्याच्या बोलण्याला हसले. मीही हसलो. नंतर नंतर सौभाग्यवती त्याच्यासाठी तुळशीपुढे हात जोडायला लागल्या. ज्याला हसावं त्याच्यासाठी दोन महिन्यांत हात जोडावेत, हे घडवणं एखाद्या चांगल्या सप्ताहालाही दर वेळी जमत नाही. याला मी नावं ठेवणार नाही.

आता आमच्या घरातलं सांगतो. ते सांगायचं होतं म्हणूनच लेखणी हातात घेतली.

सप्टेंबरातली गोष्ट. स्वयंपाकघरातल्या कामांवरून वादावादी हा त्या कार्यक्रमाचा ठेवणीतला विषय. कुठलंही पर्व त्यावाचून जात नाही. त्या रात्री तसंच काहीतरी चाललं होतं. कुणी स्वयंपाक करायचा, कुणी किती वेळा केला, एवढंच. सौभाग्यवती म्हणाल्या, "हिला काम नको, नुसतं बोलायला हवं." मी दुजोरा दिला, आणि सवयीनं त्यावर एक दृष्टांतही ठोकला. मुलगा हसला. आतून भांड्यांचा आवाज आला. जरा मोठा आला. मी नातीला म्हणालो, टीव्हीचा आवाज वाढव. तिनं वाढवला नाही. म्हणाली, "अण्णा, आईला विचारा ना, तिला काय वाटतं."

सूनबाई दारात आल्या. हात पिठाचे होते. म्हणाल्या, "मला काय विचारता? मला आतून दिसतं कुठे? दोन महिने झाले, त्या घरातल्या निम्म्या माणसांचे चेहरे मला माहीत नाहीत. आवाज ओळखते फक्त."

आमचा ओटा भिंतीकडे तोंड करून आहे. टीव्ही त्या भिंतीच्या पलीकडे. मुलगा कामावरून साडेआठला येतो, त्याचं गरम जेवण, मग आमची ताटं, मग उद्याच्या डब्याची तयारी. आम्ही ज्याला 'घरातले सगळे मिळून बघतो' असं पाहुण्यांना कौतुकानं सांगत होतो, त्यात ती कधीच नव्हती. पाच माणसांच्या घरात चार पंच का, हे मोजणं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मुलगा काहीतरी समजुतीचं बोलला. त्यावर ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "अण्णा, कीर्तनात तुम्ही सुनेचा तो दृष्टांत सांगायचात ना, सासू आजारी पडल्यावर सून आनंदानं पुरणपोळ्या लाटते तो, त्याला सगळा मंडप हसायचा. मी बायकांत बसलेली असायचे. शेजारच्या बायका माझ्याकडे बघून हसायच्या."

तो दृष्टांत मी किती वेळा सांगितला असेल? एका सप्ताहात एकदा धरला तरी तीस-बत्तीस वर्षं सांगितला. हमखास हशा. परमार्थाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. श्रोते जागे राहावेत म्हणून तो होता. मंडपात चारशे माणसं हसत होती, आणि मला तो नामाचा प्रभाव वाटत होता. खड्यांचं ताट मीही वाढत होतो. फरक इतकाच की माझ्याकडे वीणेकरी मागे उभा होता आणि कपाळाला बुक्का होता.

समाजआरतीचा महिमा मी कीर्तनातून अनेकदा गायला आहे. एकच टाळ कसा वाजत राहतो, चोपदार कसे चालत जातात, हे सांगताना माझा कंठ दाटून यायचा. आणि घरात भांडी वाजली तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला.

पुढे काय केलं, ते थोडक्यात. मुलानं रविवारी टीव्ही स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या भिंतीवर हलवला. एक भोक चुकलं, त्यावर आता पांडुरंगाची दिनदर्शिका आहे. सूनबाई म्हणाल्या, भिंत बदलली, पण ओट्यापाशी उभी मीच. खरंच होतं. मग जेवणं आठला आणली. मुलाला उशीर झाला तर तो स्वतः वाढून घेतो. माझं ताट मी घासतो. पहिले काही दिवस सौभाग्यवतींना ते बघवलं नाही, त्या उठून पुन्हा घासत. अंतिम सोहळ्याच्या रात्री सूनबाई पहिल्यांदा पूर्णवेळ आमच्यात बसल्या. बसल्या म्हणजे काय, दर जाहिरातीला उठायच्या, आत जायच्या, आत काही काम नसायचं, आणि परत येऊन बसायच्या.

कीर्तनातल्या त्या दृष्टांताबद्दल मी तिची माफी मागितली. ती "असू द्या हो अण्णा" म्हणाली. असू द्या म्हणजे मिटलं असं मी धरत नाही.

पुढच्या वर्षी, २०२५ च्या एप्रिलात, सोनी मराठी वाहिनीवर 'कोण होणार महाराष्ट्राचा लाडका कीर्तनकार?' सुरू झाला. तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. तो पाहायला तर मी हक्कानंच बसलो. त्याबद्दल माझं मत सरळ सांगतो. नावातला 'लाडका' हा शब्दच मला खटकला. कीर्तनकाराला कधीकधी श्रोत्यांना न आवडणारं बोलावं लागतं. मतांवर उभा राहिलेला माणूस ते बोलेल का? वारकरी कीर्तन दोन तासांचं असतं ते उगाच नाही. अभंग आधी ठेवायचा, चालीत घोळवायचा, प्रमाणं जोडत जोडत श्रोत्यांच्या गळी उतरवायचा, मध्ये नामाचा गजर करून त्यांना बोलणाऱ्यांच्या रांगेत आणायचं. काही मिनिटांत यातलं भाषण तेवढं शिल्लक राहतं. आणि गजर ऐकणाऱ्यानं करायचा असतो. दिवाणखान्यात कोण गजर करतो? पण तरुण मुलं-मुली, चांगलं पाठांतर, स्वच्छ वाणी, पदराला पदर जुळवून उभ्या राहिलेल्या मुली; हे पाहून बरंही वाटलं. माझ्या उमेदीच्या काळात मुलीनं गादीवर उभं राहायचं म्हटलं की फडावर आधी कुजबुज व्हायची.

बरं वाटलं असं आता लिहितो. पाहताना मात्र मी एकेकाला सोलत होतो. याचं प्रमाण चुकलं, हिनं चाल घाईत उरकली, हा आवंढा मुद्दाम गिळला. तीन आठवडे हे ऐकून नात म्हणाली, "अण्णा, बिग बॉस परवडला. तिथे निदान तुम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं."

एके रात्री सूनबाई बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. जाहिरात लागली तरी उठल्या नाहीत. म्हणाल्या, "अण्णा, मागे टाळ घेऊन उभे असतात त्यांची नावं सांगत नाहीत का हो?"

मला सांगता येईना. कीर्तनकाराच्या तोंडावरून माझी नजर हललीच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी आणि ती मागची रांग बघायला लागलो. कॅमेरा क्षणभर तिकडे जातो, तेवढ्यात कोण मनापासून वाजवतोय, कुणाचा पाय दुखतोय, कोण पुढच्याचं ऐकता ऐकता टाळ विसरलाय, ते आम्ही एकमेकांना सांगतो. नात म्हणते, ही पण चावडीच झाली. असेल.